पहिली मिनेसोटा पलटण आणि गेटिसबर्गचे स्मारक : दगडावर कोरलेली साक्ष कशी वाचावी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या लहानशा गावाच्या परिसरात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत अमेरिकी यादवी युद्धातील सर्वांत मोठी लढाई झाली. मेलेले, जखमी झालेले, पकडले गेलेले आणि बेपत्ता असे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक त्या तीन दिवसांत कमी झाले, आणि तेव्हा त्या गावाची लोकसंख्या जेमतेम अडीच हजारांच्या आसपास होती. आज या रणभूमीवर स्मारके, खुणेचे दगड आणि फलक मिळून तेराशेहून अधिक आहेत. वॉशिंग्टन, मेरीलँड, न्यू जर्सी या भागांत राहणारी मराठी कुटुंबे सुटीच्या दिवशी तेथे जातात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की इतके दगड कशासाठी, आणि त्यांतले बहुतेक एखाद्या सेनापतीचे नसून क्रमांक असलेल्या कुठल्या तरी पलटणीचे का आहेत.

या प्रश्नाचे उत्तर एकाच स्मारकाच्या आधाराने देणे सोपे जाईल, म्हणून ‘फर्स्ट मिनेसोटा व्हॉलंटियर इन्फंट्री’, म्हणजे मिनेसोटा राज्याच्या पहिल्या स्वयंसेवक पायदळ पलटणीचे स्मारक मी निवडले आहे. सिमेट्री रिज नावाच्या ठेंगण्या, लांबट टेकाडावर, आजच्या हॅनकॉक रस्त्याच्या कडेला, ग्रॅनाइटच्या उंच चौथऱ्यावर संगीन लावलेली बंदूक घेऊन धावत सुटलेला कांस्याचा एक सैनिक उभा आहे. असे स्मारक म्हणजे जिवंत राहिलेल्यांनी मेलेल्यांच्या वतीने दिलेली साक्ष असते. ती आदराने ऐकायची असते, तशीच इतर साक्षींशी ताडूनही पाहायची असते.

त्यासाठी आधी स्वयंसेवक पलटण म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. १८६१ साली संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडची राज्ये आणि केंद्र सरकारच्या बाजूची उत्तरेकडची राज्ये यांच्यात युद्धाला तोंड फुटले तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारची कायम फौज सुमारे १६ हजारांची होती आणि तीही बहुतांशी पश्चिमेकडच्या दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेली होती. फोर्ट समटर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर दक्षिणेकडून तोफा डागल्या गेल्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १५ एप्रिल १८६१ रोजी राज्यांकडे ७५ हजार माणसे मागितली, आणि पुढे युद्ध लांबत गेले तशा अशा मागण्या वारंवार झाल्या. माणसे उभी करण्याचे काम राज्याच्या गव्हर्नरकडे असे. गावोगावी सभा भरत, नावे नोंदवली जात, शंभराच्या आसपास माणसे जमली की त्यांची एक कंपनी होई आणि अशा दहा कंपन्यांची मिळून एक पलटण बने. कंपनीचे अधिकारी बहुधा सैनिकच मतदानाने निवडत, आणि नेमणुकीचे पत्र गव्हर्नर देत असे. पलटणीला राज्याचे नाव आणि उभारणीच्या क्रमाने आकडा मिळे. मिनेसोटाच्या पहिल्या पलटणीत रेड विंगची एक कंपनी होती, विनोनाची एक, स्टिलवॉटरची एक, फॅरिबॉल्टची एक. शेतकरी, लाकूडतोडे, वकील, छापखान्यातले कामगार हे सगळे आपापल्या शेजाऱ्यांसह एकाच रांगेत उभे होते.

या रचनेचा परिणाम रणांगणावर आणि त्यानंतरच्या तीस वर्षांवर झाला. शेजारच्या बंदुकीमागे आपल्याच गावचा माणूस असल्यामुळे पळून जाणे अवघड होते, कारण पळालेल्याची बातमी घरी पोहोचल्याशिवाय राहत नसे. उलट, एका संध्याकाळी एखादी कंपनी कापली गेली तर एकाच गावातल्या अनेक घरांवर एकदम आघात होई. शिवाय राज्ये जुन्या पलटणींत नवी भरती करण्यापेक्षा नव्या पलटणी उभारणे पसंत करीत, कारण नवी पलटण म्हणजे वाटायला नवी अधिकारपदे. त्यामुळे हजार माणसांची जुनी पलटण दोन वर्षांत तीन-चारशेंवर येई, पण तिचे नाव आणि तिचे निशाण तेच राही. सैनिकाची निष्ठा सर्वांत आधी या निशाणाशी जडलेली असे, आणि म्हणूनच युद्ध संपल्यावर दगड उभारायची वेळ आली तेव्हा तो सेनापतीच्या किंवा ब्रिगेडच्या, म्हणजे काही पलटणी मिळून होणाऱ्या तुकडीच्या, नावाने नव्हे, तर पलटणीच्या नावाने उभा राहिला.

मिनेसोटा हे १८५८ साली संघराज्यात आलेले, तेव्हा अवघे तीन वर्षांचे राज्य होते. त्याचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅमझी समटरच्या बातमीच्या वेळी योगायोगाने वॉशिंग्टनमध्ये होते. त्यांनी १४ एप्रिल रोजी युद्धमंत्र्यांची भेट घेऊन एक हजार माणसे देऊ केली, आणि लिंकन यांची मागणी प्रसिद्ध होण्याच्या आधीच सैन्य देऊ करणारे राज्य हा मान मिनेसोटाला मिळाला. २९ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट स्नेलिंग येथे पलटणीची रीतसर नोंद झाली. त्याच वर्षी जुलैत बुल रनच्या पहिल्या लढाईत तिचे सुमारे १८० सैनिक मेले, जखमी झाले किंवा हरवले. पुढच्या वर्षी अँटीटमच्या लढाईतही तिचे मोठे नुकसान झाले. म्हणजे गेटिसबर्गला पोहोचलेली पलटण ही नवशिक्यांची नव्हती, ती दोन वर्षांत झिजून उरलेली, मुरलेली पलटण होती. तिचा कर्नल विल्यम कॉल्व्हिल हा त्या वेळी चक्क अटकेत होता. कूच चालू असताना सैनिकांनी ओढ्याच्या पाण्यातून सरळ जाण्याऐवजी ओंडक्यांवरून पार केल्यामुळे वेळ गेला, असा ठपका त्याच्यावर ठेवण्यात आला होता. त्या दिवशी, म्हणजे २९ जूनला, त्यांची कोअर, म्हणजे अनेक ब्रिगेड मिळून बनलेला सैन्याचा मोठा विभाग, सुमारे ५० किलोमीटर चालली होती. लढाईच्या तोंडावर कॉल्व्हिलला पुन्हा पलटणीचा ताबा देण्यात आला.

आता २ जुलैची संध्याकाळ. उत्तरेचे सैन्य सिमेट्री रिजच्या टेकाडावर उत्तर-दक्षिण अशा रेषेत उभे होते आणि दक्षिणेचे सैन्य पश्चिमेकडून चाल करून येत होते. उत्तरेच्या तिसऱ्या कोअरचा सेनापती डॅनियल सिकल्स याने दुपारी आपली फौज नेमून दिलेल्या जागेवरून उचलून जवळजवळ पाऊण मैल पुढे, एमिट्सबर्ग रस्त्याच्या उंचवट्यावर नेली. ही नवी रेषा लांब, विरळ आणि दोन्ही टोकांना उघडी होती. दक्षिणेच्या हल्ल्यापुढे ती मोडली आणि तिच्या मागे टेकाडावर जी जागा तिने सोडली होती तेथे मोठे खिंडार राहिले. दुसऱ्या कोअरचा सेनापती विनफील्ड स्कॉट हॅनकॉक हे खिंडार बुजवण्यासाठी पलटणी गोळा करीत फिरत होता. तेवढ्यात त्याला सिकल्सच्या पळणाऱ्या सैनिकांच्या पाठोपाठ अलाबामाच्या पाच पलटणींची ब्रिगेड प्लम रन ओढ्याच्या सखल भागाकडे येताना दिसली. तिचा प्रमुख कॅडमस विल्कॉक्स होता. त्या ठिकाणी एका तोफखान्याच्या पाठबळासाठी ठेवलेल्या पहिल्या मिनेसोटा पलटणीच्या आठ कंपन्या एवढेच पायदळ हॅनकॉकच्या हाताशी होते. बाकीच्या कंपन्या दुसऱ्या कामगिरीवर गेलेल्या होत्या.

हॅनकॉकने ही कुठली पलटण म्हणून विचारले, उत्तर ऐकले आणि समोरच्या रांगांवर चालून जाण्याचा हुकूम दिला. त्या हुकमाचा अर्थ काय आहे हे रांगेतल्या प्रत्येकाला कळत होते. राखीव फौज येत होती, पण तिला पोहोचायला काही मिनिटे हवी होती आणि ती मिनिटे विकत घेण्यासाठी हॅनकॉकपाशी दुसरे काही नव्हते. आठ कंपन्या संगिनी रोखून उतारावरून धावत खाली गेल्या, ओढ्याच्या काठाशी शत्रूची पहिली रांग त्यांनी विस्कटली, आणि मग ओढ्याच्या कोरड्या पात्राचा व झुडपांचा आडोसा घेऊन तिन्ही बाजूंनी येणाऱ्या गोळीबारात त्या तेथेच टिकून राहिल्या. निशाण धरणारे पाच जण एकामागून एक पडले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणी ते उचलले. कॉल्व्हिल गंभीर जखमी झाला आणि त्याच्या हाताखालचे दोन्ही प्रमुख अधिकारीही घायाळ झाले. अंधार पडू लागला तेव्हा अलाबामाचे सैनिक मागे फिरले होते आणि खिंडार बुजले होते.

दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, उरलेली पलटण पुन्हा रेषेत उभी होती आणि पिकेटचा हल्ला या नावाने प्रसिद्ध असलेली दक्षिणेची शेवटची मोठी चाल परतवण्यात तिने भाग घेतला. त्या झटापटीत मार्शल शर्मन या साध्या सैनिकाने २८व्या व्हर्जिनिया पलटणीचे निशाण हस्तगत केले. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. आदल्या संध्याकाळी कर्नलच्या जागी आलेला कॅप्टन नेथन मेसिक मात्र त्या दिवशी मारला गेला.

स्मारकाची गोष्ट येथून सुरू होते. लढाईनंतर उत्तरेच्या मृतांसाठी गावाशेजारी राष्ट्रीय दफनभूमी तयार करण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६३ रोजी तिच्या समर्पणाच्या वेळी लिंकन यांनी आपले सुप्रसिद्ध छोटे भाषण केले. या दफनभूमीत मिनेसोटाच्या ५२ कबरी आहेत. त्यांच्यापाशी पलटणीतल्या जिवंत राहिलेल्यांनी १८६७ साली संगमरवरी कलश बसवला. गेटिसबर्ग येथे एखाद्या पलटणीने उभारलेले हे सर्वांत पहिले स्मारक. त्या कलशात आणि नंतरच्या कांस्य पुतळ्यात एक मूलभूत फरक आहे. कलश कबरींजवळ आहे, तो शोकाचा आहे. पुतळा कबरींपासून दूर, जेथून ते धावले त्या टेकाडावर आहे आणि तो कृतीचा आहे. युद्धानंतर लगेच माणसे रडतात, आणि वीस-तीस वर्षांनी आपण काय केले ते जगाने लक्षात ठेवावे असे त्यांना वाटू लागते. एकाच पलटणीची ही दोन स्मारके त्या दोन मनःस्थितींची आहेत, आणि गेटिसबर्गला जाणाऱ्याने दोन्ही पाहावीत असे मी आग्रहाने सांगेन.

रणभूमी जतन करण्यासाठी १८६४ सालीच गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती, पण पलटणींच्या स्मारकांची लाट १८८० च्या दशकात आली. तोवर त्या संस्थेचा कारभार उत्तरेच्या माजी सैनिकांच्या हाती गेला होता, राज्य सरकारे स्मारकांसाठी पैसे मंजूर करू लागली होती आणि तरुणपणी लढलेली माणसे आता पन्नाशीकडे झुकली होती. दफनभूमीबाहेर, प्रत्यक्ष रणभूमीवर, पहिले पलटण-स्मारक १८७९ साली दुसऱ्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने उभारले. पुढच्या दहा-बारा वर्षांत अशी शेकडो स्मारके झाली आणि त्याबरोबर भांडणेही सुरू झाली, कारण प्रत्येक पलटणीला आपला दगड सर्वांत पुढे हवा होता.

त्यावर संस्थेने एक नियम केला. स्मारक त्या पलटणीने युद्धरेषेत जी जागा धरली होती तेथेच उभारायचे, लढताना ती जेथवर पुढे गेली तेथे नाही. पलटणीच्या डाव्या आणि उजव्या टोकांना लहान खुणेचे दगड बसवायचे, म्हणजे तिची रांग कोठून कोठपर्यंत होती हे पाहणाऱ्याला कळावे. ही व्यवस्था एकदा ध्यानात आली की तेराशे दगडांचा गोंधळ नाहीसा होतो आणि सगळी रणभूमी एखाद्या नकाशासारखी वाचता येते. स्मारकांवर दिसणारी चिन्हेही याच वाचनाला मदत करतात. प्रत्येक कोअरला स्वतःचे चिन्ह होते आणि दुसऱ्या कोअरचे चिन्ह तीन पाकळ्यांचे पान हे होते, म्हणून सिमेट्री रिजच्या मध्यभागी ते जागोजागी कोरलेले आढळते.

नियम झाला, पण तो सर्वांनी मुकाट्याने मानला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या ७२व्या पलटणीला आपले स्मारक पिकेटचा हल्ला जेथे मोडला त्या दगडी बांधालगत हवे होते. संस्थेचे म्हणणे होते की पलटण प्रथम मागे, टेकाडाच्या माथ्याजवळ उभी होती आणि बांधापर्यंत ती नंतर गेली. हे प्रकरण पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, माजी सैनिकांनी साक्षी दिल्या आणि १८९१ साली निकाल पलटणीच्या बाजूने लागला. बंदूक उलटी धरून दस्त्याने प्रहार करणारा त्यांचा सैनिक आज बांधाजवळ उभा आहे. काही पावलांसाठी माणसे न्यायालयात का जातात, असे कोणी विचारेल. आपले मित्र ज्या जागी पडले ती जागाच नाकारली जात आहे असे त्यांना वाटत होते, आणि मला त्यांचा हट्ट समजतो.

याच नियमाचा आणखी एक परिणाम झाला. दक्षिणेच्या पलटणी चालून आलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची युद्धरेषा म्हणजे जेथून हल्ला सुरू झाला ती जागा, मुख्य लढाईच्या ठिकाणापासून जवळजवळ मैलभर दूर. शिवाय पराभूत राज्यांकडे पैसे कमी आणि उत्साहही कमी होता. म्हणून आजही तेथे उत्तरेच्या पलटणींची स्मारके दाट आणि दक्षिणेच्या पलटणींची फार थोडी दिसतात. दक्षिणेच्या बाजूला जी मोठी स्मारके आहेत ती बहुतेक राज्यांच्या नावाने आणि विसाव्या शतकात उभारलेली आहेत. रणभूमी १८९५ साली केंद्र सरकारकडे गेली आणि १९३३ पासून ती राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे.

मिनेसोटाच्या कांस्य सैनिकाचे शिल्पकार जेकब फ्येल्डे हे नॉर्वेत जन्मलेले आणि मिनियापोलिसमध्ये स्थायिक झालेले कलावंत होते. २ जुलै १८९७ रोजी, त्या धावेला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवशी, स्मारकाचे समर्पण झाले, तेव्हा फ्येल्डे हयात नव्हते. चौथऱ्यावरचा मजकूर इतर पलटणींच्या मानाने बराच मोठा आहे. इतरांच्या दगडांवर बहुधा नाव, तारीख आणि नुकसानीचे आकडे असतात. येथे मात्र सिकल्सचे पुढे जाणे आणि मागे हटणे, हॅनकॉकचा हुकूम, उतारावरची धाव आणि ओढ्याकाठची झुंज हे सगळे क्रमाने सांगितले आहे. २६२ माणसे धावली, २१५ मेली किंवा जखमी झाली, ४७ रांगेत उरली आणि एकही बेपत्ता नव्हता, असे तो मजकूर म्हणतो. या हल्ल्याने ही जागा आणि बहुधा सारी रणभूमी वाचवली, आणि आत्मबलिदानाच्या शौर्यात कोणत्याही युद्धात याला तोड नाही, असाही त्याचा दावा आहे.

हे आकडे एवढे प्रसिद्ध झाले की ८२ टक्के नुकसान ही गोष्ट अमेरिकी युद्धेतिहासात सर्वत्र उद्धृत केली जाते. पण सैन्याच्या अधिकृत नोंदीत दोन्ही दिवसांचे आणि सर्व कंपन्यांचे मिळून ५० मृत, १७३ जखमी आणि एक बेपत्ता, असे एकूण २२४ जण आहेत. दगडावर तर २ जुलैचे २१५ आणि ३ जुलैचे १७ मिळून २३२ होतात. म्हणजे दोन दिवसांची ही बेरीज नोंदीपेक्षा आठने जास्त भरते. लढाईला उभ्या असलेल्या पलटणीची एकूण संख्या ३३० च्या आसपास होती असे धरले, तर दोन दिवसांचे नुकसान सुमारे ६८ टक्के ठरते. हा फरक लबाडीतून आलेला नाही. संध्याकाळी रांगेत किती उभे राहिले हे माणसांना लख्ख आठवते, पण कोणी रुग्णालयात गेला, कोणी जखमीला उचलून मागे नेत होता, कोणी रात्री परतला, याचा हिशेब तीस वर्षांनी आठवणीतून जुळवणे कठीण असते. आणि ६८ टक्के हा आकडाही कोणत्याही पायदळ पलटणीसाठी भयंकरच आहे. मोठा आकडा खोटा ठरला म्हणून शौर्य लहान होत नाही, हे संशोधनाला घाबरणाऱ्या भक्तांनी समजून घ्यायला हवे.

सारी रणभूमी वाचवल्याचा दावा तपासायला शत्रूचीच साक्ष उपयोगी पडते. विल्कॉक्सने लढाईनंतर लिहिलेल्या अहवालात असे नोंदवले आहे की समोरच्या उतारावरून पायदळाची आणखी एक रांग धावत खाली आली, टेकाडाच्या पायथ्याशी सुमारे अर्धा तास विषम झुंज चालली, त्याने मदत मागितली पण ती आली नाही, आणि अखेर त्याने माघार घेतली. मिनेसोटाच्या दगडावरची गोष्ट मुळात खरी आहे, याचा हा भक्कम पुरावा. पण त्याच संध्याकाळी डाव्या बाजूला न्यूयॉर्कच्या पलटणींची विलर्ड याची ब्रिगेड मिसिसिपीच्या सैन्यावर तुटून पडली होती आणि विलर्ड स्वतः मारला गेला होता. उजव्या बाजूला मेन राज्याची १९वी पलटण लढत होती आणि तोफखाने सतत आग ओकत होते. खिंडार अनेकांनी मिळून बुजवले. पलटणीचे स्मारक पलटणीपुरते बोलते, शेजारच्या दगडाचे काम ते सांगत नाही, म्हणून शेजारचा दगडही वाचावा लागतो.

त्या मोठ्या मजकुरात एक गोष्ट अजिबात नाही आणि ती मला खटकते. युद्ध कशासाठी झाले, गुलामगिरीचा प्रश्न काय होता, याचा तेथे उल्लेख नाही. १८९० च्या दशकात उत्तर आणि दक्षिण येथील गोऱ्या माजी सैनिकांमध्ये समेटाचे वारे वाहत होते, दोन्ही बाजूंच्या शौर्याची स्तुती करणे सर्वांना सोयीचे होते आणि कारणांची चर्चा अडचणीची होती. पलटणींच्या बहुतेक स्मारकांवर म्हणूनच फक्त कोण, कोठे आणि किती हे आहे, कशासाठी हे नाही.

जुन्या निशाणाचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. मार्शल शर्मनने घेतलेले २८व्या व्हर्जिनिया पलटणीचे निशाण परत द्यावे, अशी मागणी व्हर्जिनियातून अनेकदा झाली आहे. २०१३ साली लढाईच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने ते प्रदर्शनासाठी उसने मागण्यात आले, तेव्हाही मिनेसोटाचे तत्कालीन गव्हर्नर मार्क डेटन यांनी नकार दिला. ज्यासाठी माणसांनी प्राण दिले ते परत देणे हा त्यांचा अवमान ठरेल, अशी त्यांची भूमिका होती, आणि ते निशाण मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या ताब्यातच राहिले.